समईचे तेल

पत्नी गेल्यापासून तिचे शिलाई यंत्र मी देवघराशेजारी झाकून ठेवले होते. दर खंडेनवमीला त्याच्या चाकाला गंध-कुंकू लावी, फूल वाही आणि समईतले तीळतेल त्याच्या छिद्रांत भक्तिभावाने सोडी. चालवले मात्र कोणीच नाही.

गेल्या आठवड्यात थोरली मुलगी नवऱ्याचे घर सोडून कायमची माहेरी आली. ब्लाउज शिवून पोट भरीन, म्हणाली. म्हणून कारागिराला बोलावले. त्याने यंत्र उघडले, तेव्हा आत तेल लाखेसारखे घट्ट झाले होते आणि त्यात कुंकू रुतले होते.

"गुरुजी, मशीनला समईचं तेल घालतात होय? देव केलात तिचा आणि मारून टाकलीत."

"सुटेल का ते?" मुलीने विचारले.

"घासून बघू, ताई. शब्द देत नाही."

ती त्याच्यासमोर बसून रॉकेलच्या चिंधीने एकेक भाग पुसू लागली. बाही वर सरकली आणि तिच्या दंडावरचे व्रण मला प्रथमच दिसले. काही फार जुने होते. दर दिवाळीला ती वाकून नमस्कार करी, आणि मी डोळे मिटून अखंड सौभाग्याचा आशीर्वाद देत असे. इतकी वर्षे मी कोणाचे आयुष्य वाढवून मागत होतो, ते आज पाहिले.