पप्पांचे युक्तिवाद वाहुळे सरांना पाठ होते

पप्पांची वाचा गेली तेव्हा माझा देवावर विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. आमचं घराणं चार पिढ्यांचं ख्रिस्ती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं त्यांना विहिरीवर येऊ दिलं नाही, तरी ते मागे फिरले नाहीत, हे आमच्या घरात अजूनही मान ताठ करून सांगतात. पण मी वीस वर्षांची असताना आई गेली, आणि तिच्यासाठी केलेल्या इतक्या प्रार्थना कुठं गेल्या, हे मला कुणी सांगू शकलं नाही. मी कुणाशी भांडले नाही. नाताळापुरती चर्चमध्ये जायची आणि प्रभुभोजनाच्या वेळी, सगळे भाकर आणि द्राक्षारस घ्यायला पुढं जात तेव्हा, बाकावरच बसून राहायची, एवढंच. पुढं भौतिकशास्त्र शिकले, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवू लागले. शहरातल्या मस्तगड भागातल्या घरात पप्पा आणि मी दोघंच.

पप्पा परतूरकडच्या एका हायस्कुलात मराठीचे शिक्षक होते. श्रद्धा म्हणजे डोळे मिटणं नव्हे, असं त्यांचं ठाम मत. दरवर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात ते चर्चमधल्या तरुणांसमोर तीन व्याख्यानं द्यायचे: ख्रिस्ती विश्वासाला तत्त्वज्ञानाचा, इतिहासाचा आणि विज्ञानाचा आधार काय, यावर. मुलं वाट्टेल ते विचारायची आणि पप्पा खुलायचे. मी मात्र एकदाही ऐकायला गेले नाही. त्यांनीही आग्रह केला नाही. आमच्यात तो विषयच बंद होता.

जानेवारीत त्यांना पक्षाघात झाला. उजवा हात, उजवा पाय गेला आणि शब्द गेले. डॉक्टर म्हणाले, "त्यांना सगळं समजतंय, फक्त बोलता येत नाही." शब्दांवर जगलेला माणूस खुर्चीत बसून नुसता "ता, ता" करायचा आणि मग खिडकीकडं तोंड फिरवायचा.

फेब्रुवारीत आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "यंदा तुम्ही बोला. एकच व्याख्यान, पण सरांचं." मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात पप्पांकडं लक्ष गेलं. ते माझ्याकडं असे बघत होते की माझ्या तोंडून "हो" निघून गेलं. ते देवासाठी नव्हतं, पप्पांसाठी होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांची व्याख्यानांची वही उघडली. वहीत नुसते मथळे होते. 'पहिला विस्तव कुणाचा?', 'साक्षीला बायका का?', 'नियम काय करतो?' पुढं कोरी पानं. सगळं त्यांच्या डोक्यात होतं आणि तिथून बाहेर यायची वाट बंद झाली होती. मी वही मिटली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनात म्हणाले, "तू असशील तर आता काहीतरी कर." त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही. रागच होता तो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दारात एक सडपातळ वृद्ध गृहस्थ उभे होते. हातात मोसंब्यांची पिशवी.

"मी वाहुळे. वाटूरहून आलो. सर आजारी हायेत हे कालच कळलं, ताई. न्हाईतर जल्दी आलो असतो."

हे नाव मी कधी ऐकलं नव्हतं. ते पप्पांच्याच शाळेत इतिहास शिकवायचे. घराणं बौद्ध, आणि देव ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. रिकाम्या तासाला शिक्षकांच्या खोलीत आणि निवृत्तीनंतर वाटूर फाट्यावरच्या हॉटेलात त्या दोघांनी वीस-बावीस वर्षं एकाच विषयावर वाद घातला होता. पप्पा महिन्यातून एकदा "जरा फाट्यावर जाऊन येतो" म्हणायचे, ते यासाठी. मी कधी विचारलंही नव्हतं.

त्यांना पाहताच पप्पांनी डावा हात पुढं केला. वाहुळे सर तो धरून खुर्चीशेजारी बसले. मग मी त्यांना व्याख्यानाची अडचण सांगितली, वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि हसले.

"हे व्हय? हे सगळं मला बराबर पाठ हाय."

"पण सर, तुम्ही तर मानत नाही."

"बिलकुल मानत न्हाई. पण समोरच्याचं खोडायचं म्हणलं तर आधी नीट ऐकावं लागतं. तुमच्या वडिलांनी माझं ऐकलं, मी त्यांचं ऐकलं."

त्यानंतर ते आठवड्यातून दोनदा बसनं यायचे. पप्पांच्या खुर्चीसमोर बसून मला शिकवायचे. "सर म्हणायचे, चुलीसाठी आपण शेजारणीकडून विस्तव आणतो, तिनं तिच्या शेजारणीकडून आणलेला असतो. गल्ली कितीबी लांब असू द्या, कुठंतरी कुणीतरी काडी ओढलेली असती." मग लगेच, "मी म्हणायचो, मंग काडी ओढणाराला कुणी पेटवलं? तेव्हा सर म्हणायचे, काडी ओढणारा म्हणजे आणखी एक निखारा न्हवं. त्याला कुणी पेटवावं लागत न्हाई, तोच देव." एकदा त्यांच्याकडून मांडणीत काही सुटलं, तर पप्पांनी डाव्या हातानं खुर्चीच्या दांडीवर चापट मारली. वाहुळे सर थांबले, आठवून पुन्हा नीट बोलले. पप्पांनी मान हलवली. मी बघतच राहिले. पप्पा अजून वाद घालत होते!

इतिहासाच्या भागाशी आलो तेव्हा वाहुळे सर जरा गंभीर झाले. "हा त्यांचा सगळ्यात दमदार मुद्दा. येशू मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला, आणि त्याची रिकामी कबर पहिल्यांदा बायांनी पाहिली असं बायबलात लिवलंय. त्या काळी बायांच्या साक्षीला कोण विचारतं? गोष्ट रचायची असती तर एखाद्या मान्यवर पुरुषाला उभं केलं असतं. मी इतिहासाचा माणूस, ताई. मला याचं उत्तर पूर्ण देता आलं न्हाई. पण साक्षीदार प्रामाणिक असला म्हणून तो बरोबरच असतो, असंबी न्हाई. हेबी सांगा."

विज्ञानाचा भाग मी स्वतः जुळवला. गुरुत्वाचा नियम दगडाला खाली ओढत नाही. वेळापत्रकानं रेल्वे चालत नसते, तसा नियम फक्त काय घडतं ते सांगतो. मग घडवतं कोण, आणि ते आपल्या डोक्याला समजावं असं का आहे? इतकी वर्षं मी फळ्यावर समीकरणं लिहिली आणि हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. मी श्रद्धा तपासून सोडली नव्हती. दुःखात हातातून टाकून दिली होती आणि त्यालाच विचार म्हणत होते.

व्याख्यानाच्या रविवारी पप्पांना चाकाच्या खुर्चीत पहिल्या रांगेपाशी बसवलं. वाहुळे सर शेवटच्या बाकावर. मी तासभर बोलले, वाहुळे सरांच्या शंकाही त्यांच्या नावानिशी मांडल्या. शेवटी इंजिनिअरिंगची एक मुलगी उठली. "मॅडम, हे सरांचं झालं. तुमचा स्वतःचा विश्वास आहे का?"

खोटं बोलणं सोपं होतं. मी म्हणाले, "महिन्यापूर्वी विचारलं असतंस तर नाही म्हणाले असते. आज माझी नाही म्हणायची कारणं संपली आहेत. एक प्रश्न उरलाय, माझ्या आईचा. तो तसाच घेऊन मी इथं उभी आहे." पप्पांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवर स्थिर होता.

पाळकसाहेबांनी समारोपाला प्रभूची प्रार्थना सुरू केली. दुसऱ्या ओळीला पहिल्या रांगेतून एक जाडसर, अडखळता आवाज सगळ्यांत मिसळला. पप्पा म्हणत होते. एकेक शब्द, सगळे शब्द, शेवटच्या आमेनपर्यंत. दोन महिन्यांत ज्यांना माझं नाव घेता आलं नव्हतं, ते. लोक थांबले नाहीत, पण पुष्कळांनी आपला आवाज खाली आणला. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीशी मला पुढं म्हणताच येईना. मी फक्त ऐकत राहिले.

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितलं. जन्मभर पाठ असलेली प्रार्थना, गाणी मेंदूत वेगळ्या वाटेनं येतात, अशा रुग्णांत हे दिसतं. मी विज्ञान शिकवणारी बाई. मला ते पटलं, आणि त्यानं माझा आनंद कणभरही कमी झाला नाही. वाट कुठली ते डॉक्टरांनी सांगितलं. त्या वाटेनं माझे पप्पा परत आले, एवढं मला पुरे होतं.

बाहेर पडताना वाहुळे सर म्हणाले, "तुम्ही जिंकल्या असं म्हणत न्हाई मी. पण बापाचं नाव राखलं, ताई." इतका मोठा मान मला आजवर कुणी दिलेला नाही. असा मित्र कमावणाऱ्या बापाची मी मुलगी आहे, याचा मला त्या दिवशी जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही.

ईस्टरला मी सव्वीस वर्षांनी प्रभुभोजन घेतलं. आईच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून नव्हे. उत्तर मिळाल्याशिवाय पाऊल टाकणार नाही, हा हट्ट माझ्या हातून सुटला म्हणून. पप्पांनी आयुष्यभर दारापर्यंत वाट नीट झाडून ठेवली, पण उंबरा ओलांडताना गुडघे टेकावेच लागतात. प्रभूनं माझ्याकडं त्याला न मानणारा माणूस पाठवला आणि त्याच्या तोंडून मला माझ्या बापाचा विश्वास ऐकवला. प्रभूचे आभार कसे मानावेत, हे मला अजून कळत नाही. रोज सकाळी पप्पांचा डावा हात हातात घेऊन आम्ही दोघं प्रार्थना म्हणतो. ते अडखळतात तिथं मी थांबते.