गळकं छत आणि माझं डच

आई आमच्याकडे राहायला आली ती वडील गेल्यानंतर दीड वर्षाने. व्हिसा तीन महिन्यांचा होता आणि त्यातला एकही दिवस मला वाया घालवायचा नव्हता. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. नवऱ्याची नोकरी आइंडहोवनला, चिप बनवणाऱ्या मशिनांच्या कंपनीत, आणि घर शेजारच्या बेस्ट गावात. नातेवाइकांना सांगितलं की ते म्हणत, "बेस्ट आहे ते कळलं, पण नाव काय गावाचं?" भाड्याचा फ्लॅट, सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर सपाट गच्ची. आईला दमा, म्हणून ऊन येणारी छोटी खोली तिला दिली होती.

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या पलंगावरच्या छताला चहा सांडल्यासारखा डाग दिसला. चार दिवस पाऊस लागून राहिला, डाग परातीएवढा झाला आणि ठिबकायला लागलं. आईने पलंग सरकवला, खाली पातेलं ठेवलं आणि टपटप आवाजाने डोकं उठू नये म्हणून त्यात एक जुना पंचा टाकला. "पुण्यात असतो तर दुपारपर्यंत कुणीतरी वर चढून डांबर ओतून गेला असता," ती म्हणाली.

नवरा तेव्हा कामासाठी तैवानला गेला होता. फोनवर म्हणाला, "तूच बघ ना. तुला तर डच येतं."

मलाही तसंच वाटत होतं. वर्षभर सायकल मारत नगरपालिकेच्या डच वर्गाला जात होते. आमच्या बाईंनी बजावलं होतं, समोरचा इंग्रजीवर आला तरी तुम्ही डच सोडायचं नाही. मी वाक्यं कागदावर लिहून काढली आणि घरमालक कंपनीच्या दुरुस्ती विभागाला फोन लावला. आई शेजारी बसली होती. म्हणाली, "अगं, इंग्रजीत सांग ना सरळ. सगळ्यांना येतं म्हणतेस ना इथे?"

"आई, तुला इथलं काही कळत नाही. गप्प बस जरा."

हे मी तिला म्हणाले. अगदी याच शब्दांत.

कागदावरची वाक्यं संपली तशी पलीकडच्या बाईंनी विचारलं, "फाल्ट हेट मे?" 'फालन' म्हणजे पडणं, हे आम्ही सुरुवातीच्याच धड्यांत शिकलो होतो. पाणी पडतंय का, असं विचारतायत, हे मला कळलं, आणि कळलं याचाच आनंद झाला. "या, या! हेट फाल्ट मे!" मी ठासून सांगितलं. पलंगावरसुद्धा, अशी वर भरही घातली. बाई म्हणाल्या, छान, नोंद केली. मी आईकडे गड जिंकल्यासारखं पाहिलं.

आठवडा गेला, कुणी फिरकलं नाही. पुन्हा फोन केला तर एक गृहस्थ म्हणाले, यादीत आहात, नंबर लागेल. तिसऱ्यांदा केला तोवर बांधकामवाल्यांची सुट्टी लागली होती. इथे उन्हाळ्यात गवंडी, छपरवाले, रंगारी सगळे एकदमच तीन आठवडे सुट्टीवर जातात. मागे दोन-चार माणसं उरतात ती तातडीच्या कामांना. "मग आमचं तातडीचं नाही का?" मी मुकाट्याने इंग्रजीवर आले. "तशी नोंद नाही, मॅडम. आता करतो, पण यंदा पावसामुळे तीही यादी लांब आहे." मी भांडले, रडकुंडीला आले. ते अत्यंत सभ्यपणे 'मला समजतंय' म्हणत राहिले. समजून काय उपयोग होता?

छताचे पोपडे सुटले, कोपऱ्यात काळी बुरशी धरली. मी स्टुलावर चढून पुसायची, चार दिवसांत ती पुन्हा हजर. आईला हॉलमध्ये सोफ्यावर झोपवलं, त्या खोलीचं दार बंद केलं, फटीत टॉवेल कोंबला. पण घर ते केवढंसं, कुबट वास सगळीकडे पोचलाच. तिचा खोकला वाढत गेला. डॉक्टर म्हणाले, ओलीपासून लांब ठेवा. लांब म्हणजे कुठे? ओळखीच्यांकडे जायला आई तयार नव्हती. "लोकांच्या घरी जाऊन खोकत बसू का?" एका सकाळी चहा गाळताना तिला एक वाक्य एका दमात पुरं करता येईना. मी पुण्याला भावाला फोन केला. त्याने तिचं तिकीट अलीकडचं करून घेतलं.

तीन महिन्यांतले सहा आठवडे झाले होते. नवरा परत आला तो तिला विमानतळावर सोडायलाच.

त्यानंतर पाचव्या दिवशी दोन कामगार आले. गच्चीवरचा एक सांधा उकलला होता. सकाळभरात तो भरला, आतलं छत कापून नवीन तक्ते बसवले. म्हातारा कामगार काळी बुरशी पाहून चिडला. "एवढं होईपर्यंत तुम्ही गप्प कशा बसलात?" हातातला कागद त्याने माझ्यापुढे धरला. "इथे लिहिलंय, भाडेकरूच्या म्हणण्यानुसार फारसं काही नाही. फाल्ट मे."

म्हणजे 'फाल्ट हेट मे'चा खरा अर्थ हा होता. वाटलं होतं तेवढं वाईट नाही. चालण्यासारखं आहे.

मी त्या नव्या, कोऱ्या छताखाली उभी राहिले आणि मला माझीच इतकी चीड आली की त्या माणसांना साधी कॉफीही विचारायची राहिली.

संध्याकाळी आईचा फोन आला. तिकडच्या औषधाने आराम पडला होता. "झालं का गं छत?" तिने विचारलं. झालं म्हटलं. उशीर कशामुळे झाला ते सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. तेवढ्यात मागे कुणीतरी बोललं आणि आई फोन बाजूला धरून त्यांना सांगायला लागली, "अहो, शेजारी बसून ऐकलंय ना मी. फडाफडा बोलते त्यांच्या भाषेत. एकदाही अडली नाही."