चौदा खोकी आणि मिस्टर लॅम्बर्ट

जिथे बोलायला बंदी असते ना, तिथेच किश्शांचा ढीग सगळ्यात मोठा! पटत नसेल तर एखाद्या लायब्ररीत सात वर्षं नोकरी करून बघा. दिवसभर तोंड मिटून बसायचं आणि घरी आलं की नवऱ्याचं डोकं खायचं. अविनाश सुट्टीच्या दिवशीही लॅबमध्ये का पळायचा, ते मला आता कळतं!

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पेनसिल्व्हेनियातलं एक युनिव्हर्सिटीचं गाव. अविनाश पीएच.डी. करत होता आणि मी लायब्ररीत, दुर्मिळ पुस्तकांच्या खोलीत, कॅटलॉगची कार्डं टाइप करत होते. पुस्तकं कसली, नुसते कागद! दोनशे-सव्वादोनशे वर्षांपूर्वी लंडनच्या रस्त्यांवर वाटलेली पत्रकं, औषधांच्या जाहिराती, नाटकाची तिकिटं आणि मंत्र्यासंत्र्यांची टर उडवणारी चित्रं. लोक वाचून फेकून देत ते सगळं मिस्टर लॅम्बर्ट नावाच्या रिटायर्ड प्रोफेसरांनी जन्मभर जमवलं आणि युनिव्हर्सिटीला देऊन टाकलं. एकूण चौदा खोकी.

त्या चित्रांखाली बऱ्याचदा नावं नसायची. खटल्याची भीती! नाक, पोट, डोक्यावरचा टोप बघून त्या काळच्या लोकांनी काय ते ओळखायचं. आता ओळखणारा माणूस एकच उरला होता, मिस्टर लॅम्बर्ट. वय पंचाहत्तर आणि हार्ट कमजोर. डीनने स्वच्छ सांगितलं होतं, "लॅम्बर्ट आहेत तोवर ही खोली. मग उरलेली खोकी तळघरात." म्हणजे म्हातारा गेला की त्या चित्रातल्या माणसांना जगात कोणी ओळखीचं उरणार नाही. खोकी आधी संपतात की मिस्टर लॅम्बर्ट, अशी आमची रोजची शर्यत!

* * *

अमेरिकेतल्याच शॉमबर्गहून माझी नलूमावशी आली होती. भाचीचं ऑफिस बघायचं म्हणून हट्टाने लायब्ररीत आली. टेबलावर काळ्या चौकटीचं एक देखणं कार्ड होतं, नक्षीबिक्षी काढलेलं.

"लग्नाची पत्रिका का गं?"

"नाही मावशी, अंत्ययात्रेचं आमंत्रण आहे."

मग तिला नक्षीतल्या कवट्या दिसल्या. अशी कार्डं दुकानात छापून तयार असायची, नावाची जागा तेवढी कोरी, हे मी तिला समजावलं.

"आणि यावर तर नावच नाही! मग ही कोणासाठी ठेवलीय?"

मी ते इंग्लिशमध्ये मिस्टर लॅम्बर्टना सांगितलं. ते गोड हसले आणि म्हणाले, "मावशींना विचार, त्या थोड्या थांबणार आहेत का?"

मावशीने पर्स उचलली. घरी आल्यावर मला आधी आंघोळीला पिटाळलं आणि मगच स्वयंपाकघरात येऊ दिलं!

* * *

डीन वर्षातून एकदा इन्स्पेक्शनला यायचे. त्यांचं नाव हॉर्नर. डाव्या कानाखाली एक भलामोठा मस. त्या दिवशी टेबलावर एक चित्र होतं. कोणी लठ्ठ अधिकारी लोकांच्या अर्जांची गादी करून घोरत पडलाय आणि त्याच्या डाव्या कानाखाली मस!

मी बार्बराकडे बघितलं. बार्बरा म्हणजे कार्डं ड्रॉवरमध्ये लावणारी माझी मैत्रीण. ती छताकडे बघत होती.

"कोण हा कुरूप माणूस?" डीननी विचारलं.

"आजपर्यंत ओळख पटली नव्हती, सर," मिस्टर लॅम्बर्ट म्हणाले.

डीन गेल्यावर आम्ही पोट धरधरून हसलो. मग बार्बराने चित्र उलटं केलं. मागे तपकिरी शाईत, त्या काळच्या तिरक्या अक्षरात, एकच शब्द लिहिला होता. हॉर्नर.

"कॉमन नाव आहे," बार्बरा म्हणाली. तिने चित्र फोल्डरमध्ये घातलं आणि हात धुवायला गेली. चांगली दहा मिनिटं धूत होती.

* * *

लंडनमध्ये कोणाला फाशी द्यायची असली की त्याचे 'अखेरचे शब्द' छापून तिथल्या गर्दीतच विकत. म्हणजे माणूस जिवंत असताना छापून तयार! बार्बराला ते फारच लागलं. "एक दिवस थांबले असते तर काय बिघडलं असतं?"

"गर्दी घरी गेल्यावर कोण घेणार?" मिस्टर लॅम्बर्ट म्हणाले.

त्यातला एक चोर फाशीच्या पत्रकात ढसाढसा रडून, देवाची क्षमा मागून मेलेला. आणि पुढच्याच खोक्यात, तीन वर्षांनंतरच्या पत्रकात, तोच चोर पुन्हा घोडा पळवताना पकडलेला! ऐनवेळी माफी मिळाली असणार. पण मिस्टर लॅम्बर्ट दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "शैला, ही मधली तीन वर्षं बघ. एका ओळीचाही पुरावा नाही. किती मजेत गेली असतील!"

* * *

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

कॅटलॉगच्या कार्डावर माणसाच्या नावापुढे जन्मसाल, मग एक आडवी रेघ आणि मृत्यूचं साल टाइप करतात. माणूस जिवंत असेल तर रेघेपुढची जागा मोकळी सोडायची. आता मी वर्षानुवर्षं ज्यांची कार्डं टाइप केली ते सगळे कधीच मेलेले! रेघ ओढली की पुढे चार आकडे, ही माझ्या बोटांची सवयच झाली होती. शहाऐंशीच्या नोव्हेंबरमध्ये, बारा खोकी झाल्यावर, मी मिस्टर लॅम्बर्टच्या स्वतःच्या नावाचं कार्ड केलं. एकोणीसशे अकरा, रेघ, एकोणीसशे शहाऐंशी.

लक्षातच आलं नाही हो! त्या एका कार्डावरून मशीनवर सात कॉप्या निघाल्या आणि बार्बराने त्या सात वेगवेगळ्या विषयांच्या ड्रॉवर्समध्ये लावल्या. पहिली सापडली ती मिस्टर लॅम्बर्टना.

"माझ्यापेक्षा तुलाच घाई दिसतेय!" म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या ऑपरेशनची तारीख आली. अठरा डिसेंबर.

घरी जाऊन मी अविनाशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "टायपिंग मिस्टेक आहे ती, यार!"

"तुझ्या नावाचं टाइप करून बघू का?"

त्याने ताट पुढे ओढलं.

त्यांच्या हातातलं घेऊन मी पहिलं फाडलं, आणखी पाच ड्रॉवर्समधून काढून फाडली. सातवं उपहासाच्या ड्रॉवरमध्ये असायला हवं होतं. नव्हतं! बार्बराने आणि मी अख्खी रांग उपसली. अठरा तारीख आली तरी सापडलं नाही. मी डेस्कवर बसून मराठीत देवाची माफी मागत होते आणि बार्बरा न कळताच आमेन म्हणत होती.

ऑपरेशन पार पडलं. एकतीस डिसेंबरपर्यंत मी एकेक दिवस मोजला. एक जानेवारीला सकाळी मी भरपूर तूप घालून शिरा केला आणि अविनाशला कारण सांगितलं नाही.

जानेवारीच्या शेवटी मिस्टर लॅम्बर्ट काठी टेकत आले. निम्मे झाले होते. मी सरळ रडले, मला कसली लाज! तेही डोळे पुसत कॅटलॉगकडे गेले, कुठलासा ड्रॉवर ओढला आणि तिथेच उभे राहिले. हातात सातवं कार्ड.

"द्या इकडे, फाडते!" मी धावले. "संपलं ते साल!"

त्यांनी कार्ड सोडलं नाही, नुसतं माझ्यासमोर धरलं. माझंच टाइपिंग, तेच मशीन, तोच किंचित वर चढलेला नऊ. एकोणीसशे अकरा, रेघ, एकोणीसशे सत्त्याऐंशी.

बार्बराने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

मिस्टर लॅम्बर्टनी कार्ड आपल्या हाताने ड्रॉवरमध्ये, बरोब्बर जागेवर लावलं. कोट काढून खुर्चीला अडकवला.

"दोनच राहिलीत ना?" ते म्हणाले. "मग पुरेल. चल, तेरावं खोकं काढ."