जरा बरं वाटू दे, मग जाते

आईला साखर होती, बीपी होतं, आणि इस्त्रीची साडी नेसल्याशिवाय डॉक्टरकडे जायचं नाही हा हट्ट होता. दवाखाना मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्येच, तळमजल्यावर. तरी चक्कर आली, धाप लागली की ती पलंगावर पडून राहायची. मी म्हणायचे, "आई, चल गं खाली." ती म्हणायची, "या अवतारात? जरा बरं वाटू दे, मग जाते."

डोकं फिरायचं माझं. बरं वाटल्यावर कोण जातं डॉक्टरकडे? आई जायची. आधी आठवडाभर भात बंद, गोळ्या अगदी वेळेवर, जशी काही परीक्षाच. मग अंबाडा घालून, पावडर लावून खाली उतरायची. डॉक्टर बीपी बघायचे, रिपोर्ट बघायचे आणि म्हणायचे, "झकास! मावशी, तुम्हाला काही धोका नाही." वर येऊन ती मला ते ऐकवायची, पास झाल्यासारखं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भात.

एका सकाळी ती बाथरूमच्या दारात कोसळली. मी धावत जाऊन डॉक्टरांना वर घेऊन आले. आईचे केस विस्कटलेले होते, गाऊनवर चहा सांडला होता. त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि म्हणाले, "अहो, पण यांची तब्येत तर चांगली होती."

त्या अवतारातली आई त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिली, आणि तोवर ती आजारीसुद्धा उरली नव्हती.