दोन हाका

मी मेले आहे, हे मला मतदानाच्या दिवशी सकाळी कळलं.

लेकीकडे जर्मनीत येऊन मला सात महिने झाले होते. इथं कार्तिकात सकाळचे साडेसात वाजले तरी नीट उजाडत नाही, आणि उजाडलं तरी धुकं खिडकीला टेकून उभं असतं. समोरच्या घरात माणसं राहतात म्हणतात. मी अजून एकही पाहिलेलं नाही. अशात गावाकडून पुतण्याचा फोन आला, तोंड दिसतं तसला. तो शाळेबाहेर लिंबाखाली उभा होता. तिथं दुपार झाली होती. त्याच्या बोटाला शाई होती.

"काकू, तुमी यादीत वारल्या हाव," तो हसत म्हणाला. "नावापुढं मयत लिवलंय."

"मंग तेरावं कोणी घातलं? मला जेवायला बोलावलं न्हाई ते."

"मस्करी न्हाई करून राहिलो. मी म्हणलं, म्हातारी जर्मनीत हाय, रोज फोनवर बोलती. तर साहेब म्हणला, कागद दाखवा."

मी मेले असं कोणी सांगितलं ठाऊक नाही. सांगावं लागलंही नसेल. घराला कुलूप, तुळस वाळलेली, बाई ऐंशीच्या पुढची. लेक म्हणाली, "जाऊ दे आई. तुला आता तिकडं कुठं राहायचंय?" तिनं मला इथंच ठेवून घ्यायचे कागद भरायला घेतले होते. मी मात्र फाल्गुनात परत जाणार असं सांगूनच निघाले होते. मला गावात जायचं होतं, आणि जिवंत माणूस म्हणून जायचं होतं. कारण जिवंत माणसाला गावानं मेलेला धरलं की काय होतं, ते मी लहानपणी पाहिलं आहे.

आमचं गाव कनेरगाव नाक्यापासून चार कोसांवर. माझं लग्नही गावातल्या गावातच झालं. नाक्यावर आता ढाबे आहेत. तेव्हा तिथं राज्य संपायचं. अलीकडं निजाम, पलीकडं वऱ्हाड. रझाकारांच्या धामधुमीत माझा चुलता नाका चुकवून रानातून पलीकडं गेला आणि परत आला नाही. मी चार-पाच वर्षांची असेन. एकानं येऊन सांगितलं, ओढ्यात गोळी लागून पडताना पाहिला. प्रेत मिळालं नाही. मग घरच्यांनी रीतीप्रमाणे पळसाच्या देठांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि तो जाळला. आगीत नारळ फुटला तो आवाज मला अजून आठवतो. चुलतीच्या बांगड्या त्याच दिवशी फोडल्या.

निजाम गेला. तीनेक वर्षांनी पहिली निवडणूक आली आणि तिच्या चार दिवस आधी चुलता आला. भर दुपारी, पायात वहाणा, हातात पिशवी. वाशिमला होतो, पाय मोडला होता, निरोप धाडला होता, असं सांगत होता. माझ्या मते तिकडं त्यानं दुसरं बिऱ्हाड केलं होतं. पण मेला नव्हता हे नक्की. त्याची सावली पडत होती. आम्ही पोरींनी मुद्दाम पाहिलं.

घरात कोणी रडलं नाही, कोणी हसलं नाही. गुरुजी म्हणाले, ज्याचे दिवस घातले त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं. तुपानं आंघोळ, बारसं, मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न. मुहूर्त पुढच्या महिन्यात होता. तोवर त्याला ओसरीत ठेवला. ताट लांबून सरकवायचे. चुलती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. आजीनं आम्हाला बजावलं, "त्यानं हाक मारली तर ओ देऊ नका. मेलेलं माणूस दोनदाच हाक मारतं. तिसरी मारली तर समजा जित्तं हाय." आजी म्हणजे त्याची आई.

मतदानाच्या दिवशी तो शाळेत गेला. यादीत त्याचं नाव नव्हतं. परत येऊन ओसरीच्या पायरीवर बसला. मी अंगणात चिंचोके खेळत होते. त्यानं मला नावानं हाक मारली. मी खाली पाहिलं. पुन्हा मारली. मी मनात मोजत होते. तिसरी आली की लगेच ओ द्यायचा, असं मी ठरवलं होतं. तिसरी आलीच नाही. रीत त्यालाही ठाऊक होती. मी मान वर केली तेव्हा पायरी रिकामी होती. वहाणा तिथंच होत्या.

गावात पुन्हा कोणी त्याला पाहिलं नाही. शाळेसमोर आता मुक्तीच्या लढ्यात गेलेल्यांचा दगड आहे, त्यावर त्याचं नाव आहे. दर वर्षी झेंडा लावून ते वाचतात. मी दर वर्षी चूप बसते. लेकरांना शिकवतात तो इतिहास खोटा नाही. त्यात फक्त ती चार दिवसांची ओसरी नाही.

हे सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं आणि फोन सुरूच होता. पुतण्या "साहेबाशी बोलून येतो" म्हणून फोन त्याच्या नातीच्या हातात देऊन गेला. पोरगी सहा वर्षांची. एरवी माझ्याशी कडाकडा भांडते. तिच्या मागं तो दगड दिसत होता.

मी तिला हाक मारली. ती नुसती बघत राहिली. आवाज जात होता, तिकडचं कुत्रं भुंकलेलं मला इथं ऐकू आलं. मी पुन्हा हाक मारली. तिनं खाली पाहिलं. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती.

हाकांची रीत, सावलीची खूण, सगळं तिला मीच शिकवलं होतं, मागच्या वर्षीच्या दिवाळीत, गोष्ट म्हणून.

त्या पायरीवर चुलत्याला काय वाटलं असेल, याचा विचार मी सत्तर वर्षांत केला नव्हता. तेव्हा केला, आणि तिसरी हाक मारली. इतकी मोठ्यानं की लेक स्वयंपाकघरातून धावत आली.

"ओ," पोरगी म्हणाली.

"आता आजोबाला सांग, आजी जित्ती हाय."

"तू इथं ये. मंग सांगते."

मी लेकीला म्हणाले, तिकीट काढ. ती म्हणाली, "आई, एका यादीसाठी?" मी फोनकडं पाहत होते. पोरगी अजून गेली नव्हती. मान वाकडी करून ती माझ्या मागच्या भिंतीवर काहीतरी शोधत होती.

मी उठले आणि भिंतीवर सावली पडेल असा दिवा लावला.