शनीच्या चंद्राकडे तिरक्या नजरेनं

शनीच्या एका चंद्रावर हवा आहे, असं वर्तमानपत्रात वाचलं आणि 'तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहून रामनवमीला व्याख्यान देतो,' असं मी वाचनालयात जाहीर करून बसलो. मी घड्याळजी, शिक्षण सातवी. खगोल माझा मी शिकलो. न पाहताच पाहिलं म्हणणं माझ्याच्यानं होणार नव्हतं, आणि सांगलीच्या धुरळ्यात तो काही दिसेना. म्हणून फाल्गुनी अमावास्या गाठून विट्याची वाट धरली.

लढाईमुळं पेट्रोल नाही, म्हणून मोटार सध्या कोळशाच्या गॅसवर चालते. तासगावच्या पुढं चढ आला की उतारूंनीच ढकलायची. पांढरं धोतर नेसू नका. दुर्बिणीच्या पेटीचं अर्धं तिकीट मागतात, पेटी मांडीवर घ्यावी. विट्याहून बैलगाडीनं दोन कोसांवर माळावरची वस्ती. तिथं माझा मावसभाऊ बापू, पलटणीतून पेन्शनीवर आलेला. भाकरी आणि हुलग्याचं माडगं पोटभर.

अंधारताच दुर्बीण लावली. शनी कड्यासकट स्वच्छ. चंद्र कड्याच्या रुंदीच्या चौपट अंतरावर हवा, गणित दोनदा तपासलेलं. तासभर टक लावली, काही नाही. वारा पूर्ण पडला होता. बैलांच्या घंटाही वाजेनात.

"बापू, तू बघ."

"आमुशाला? शनीच्या म्होरं कोण हुबं ऱ्हातं का?"

आमच्याकडं शनीचं दर्शन बाजूनं घेतात, समोरून नाही.

"जर्मनच्या तोफेम्होरं हुबा ऱ्हायलास की," मी म्हणालो.

"तोफ साडेसात वर्सं मागं लागत न्हाई, गड्या."

शेवटी बसला, पण नजर मुद्दाम कडेला वळवून.

"बाजूला बारका ठिपका हाय," तो म्हणाला. "सरळ बघितलं की जातुया."

बाजू माझ्या गणितातलीच निघाली. मी त्याला उठवून डोळा लावला, नजर ढळवली. ठिपका उमटला. रोखून पाहिलं, विझला.

"तितं हवा हाय म्हंतोस," बापू हळू बोलला. "मग ती कोण घेतंय?"

"कुणी नसेलही."

"मग रोखून बघितल्यावर लपतंय का?"

अंधुक उजेड डोळ्याच्या मध्यापेक्षा कडेला जास्त कळत असावा, असं मी सांगितलं.

दुसऱ्या संध्याकाळी पडताळा घेतला. ठिपका शनीबरोबरच होता. शनी रोज थोडा सरकतो; तारा असता तर मागं पडला असता.

रामनवमीला व्याख्यानात सांगितलं, की चंद्र आधी बापूनं पाहिला, तोही शनीला भिऊन.

"मग घड्याळजी, तुमी काय केलंत?" मागून कुणीतरी विचारलं.

"मान वळवली."

सगळे हसले. मीही हसलो.

आता दुकानात भिंग लावून चाकं जुळवताना डोळ्याच्या कडेला कधीकधी काहीतरी उमटतं. मी तिकडं वळून बघत नाही.