मुक्या फिल्मांचा डायरेक्टर दगाभाऊ

लूमच्या खात्यात, म्हणजे मागाच्या कारखान्यात, मशीनखाली सुताचं वेस्ट साठत जातं. रोज कुणी बघत नाही, आणि एक दिवस झाडायला वाकावं तर पोतंभर निघतं. दगाभाऊचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. तो लूम चालवतो त्या खात्यात मी एकवीस वर्षं मास्टर, म्हणजे मशीन बिघडलं की पाना घेऊन धावणारा. आणि चार वर्षं त्याच्या फिल्मांचा कॅमेरामन, म्हणजे मोबाईल धरणारा. मी खोटं सांगत नाही. सूत खरंच असतं, विणताना पन्हा थोडा वाढतो, एवढंच.

गुजरातेतल्या आमच्या खात्यात चोवीस लूम एकदम धडधडतात. कानात ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून आम्ही हातांनी बोलतो. मनगटावर दोन बोटं आडवी फिरवली की सूत तुटलं, मशीन थांबव. मूठ गोल फिरवली की परत चालू कर. ही भाषा आम्हाला शिकवली सुपडूबापूंनी. पहिल्या लूमवर उभं राहून ते शेवटच्या लूमवाल्याला आपल्या सासुरवाडीची भांडणं हातांनी सांगायचे. सगळं खातं हसायचं. हसणंही ऐकू यायचं नाही, नुसते खांदे हलताना दिसायचे.

दगाभाऊ बापूंचा पट्टशिष्य.

* * *

एकदा दगा शेठची नक्कल करत होता. पोट पुढे, मोबाईल कानाला, दुसऱ्या हाताने पँट वर ओढणं. आणि शेठ येऊन मागेच उभे!

आम्ही सगळे जीव तोडून मनगटावर बोटं फिरवतोय, थांब, थांब. दगाने वाकून आपलं मशीन तपासलं. सूत काही तुटलेलं नव्हतं. त्याने नक्कल पुढे चालू ठेवली.

शेठनी त्याला ऑफिसात नेलं, दार लावलं आणि आपल्या पोटाकडे बोट दाखवून विचारलं, "मारुं पेट आटलुं मोटुं छे?"

दगाला सवय हाताने बोलायची. त्याने दोन्ही हात पुढे धरले आणि आणखी वीतभर लांब नेले.

शेठ इतके हसले की खुर्ची मागे सरकली. मग त्यांनीच मोबाईल काढून ती नक्कल परत करायला लावली आणि घरच्या ग्रुपवर टाकली. रविवारपर्यंत ती फिरत फिरत गोडादऱ्याला, दगाच्या घरी, त्याच्या बायकोच्या मोबाईलवर आली. तिने नवऱ्याला दाखवून विचारलं, "हा येडा कोण हो? थोडा तुमच्यासारखा दिसतो."

* * *

मग काय, दर रविवारी एक फिल्म. दोन मिनिटांची, बिनआवाजाची. दगा सायकलवरून पडतोय, पाण्याच्या टाकीत पडतोय, लग्नाच्या मांडवात जिलबीच्या परातीत पडतोय. लोक ओळखायला लागले. पण त्यांना वाटायचं, माणूस खरोखरच मुका आहे.

डिंडोलीच्या एका लोचोवाल्याला याची फार दया यायची. वाफवलेल्या डाळीच्या त्या लोचोवर याला शेव जास्त, बटर जास्त. आता बोलायचं कसं? सहा महिने दगाने तिथे तोंड फक्त खायला उघडलं. मग एके सकाळी तळलेल्या मिरचीचा तुकडा टाळूला लागला, आणि त्याने अहिराणीत अशी एक शिवी हासडली की समोरची रिक्षा थांबली.

 लोचोवाला हात जोडून गिऱ्हाइकांकडे वळला आणि म्हणाला, "मुंगो बोल्यो! मारो लोचो खाईने बोल्यो!"

त्या दिवसापासून तिथे रांग लागते. दगाला शेव अजूनही जास्तच मिळते.

* * *

एडिटिंगवाला पोरगा मागे लागला होता, फिल्मला म्युझिक टाकू, कॉमेडीचे आवाज टाकू. दगा नाही म्हणाला. "आपली मानसं बारा तास आवाजच खातात, भाऊ. दोन मिनिटं तरी उपाशी राहू दे."

मला खरं कारण माहीत होतं. बापूंचे कान गेले होते. मशीनचा पट्टा तुटून अंगावर आला आणि त्यांना ऐकूच आलं नाही, तेव्हा मुलाने काम सोडायला लावलं. नवागामच्या घरात बापूंची भाषा कुणालाच येत नाही. मुलगा दिवसभर रिक्षावर, नातवंडं आपसात गुजराती बोलतात. दोन वर्षं झाली, बापू भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच. तोंडही गप्प आणि हातही.

प्रत्येक नवी फिल्म दगा आधी बापूंना नेऊन दाखवायचा. बापू बघायचे आणि मोबाईल पालथा ठेवायचे.

एकदा परत येताना दगा म्हणाला, "ज्याच्या हातांची चोरी केली त्यालाच चोरीचा माल दाखवतोय मी. त्याला काय हसू येईल?"

आणि त्याने पडणं बंद केलं. म्हणाला, आता मी डायरेक्टर. हिरो बापू.

* * *

डायरेक्टर झाल्यावरचा पहिला दिवस. शेठनी चालू खात्यात शूटिंगची परवानगी दिली होती. बापूंना हाताला धरून आणलं, त्यांच्या जुन्या लूमपाशी उभं केलं. मी मोबाईल धरला. शॉट झाला, आणि आता मला कॅमेरा थांबवायला सांगायचं कसं? दगाने मनगटावर दोन बोटं फिरवली.

चोवीसच्या चोवीस लूम थांबल्या!

अशी शांतता त्या खात्यात मी कधी ऐकली नव्हती. शेठ वरून अनवाणी धावत आले. त्यांना वाटलं, कुणाचा तरी हात गेला. दगा गोंधळून माझ्याकडे, मी शेठकडे.

बापूंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी मान वळवून थांबलेली मशीनं पाहिली, आमचे चेहरे पाहिले. मग दोन वर्षांनी त्यांचा हात वर आला. दोन्ही हात पुढे, वीतभर आणखी लांब, आणि अंगठा शेठकडे. म्हणजे, पोट आलं, गप्प उभे राहा!

शेठच पहिले हसले. ते दोन सेकंद मी पकडले. देवाची कृपा, मोबाईल चालूच होता.

* * *

श्रावणात नवागामच्या गल्लीत कानबाई बसते, आमच्या खान्देशची आई. आरती झाली, प्रसादाचे रोट वाटून झाले आणि दगाने फिल्म लावली. पडद्याला पांढऱ्या कापडाचा अख्खा तागा शेठनी पाठवला होता. बापू पहिल्या रांगेत, मुलगा आणि सूनबाई शेजारी. दगा पडद्याच्या मागे जाऊन उभा राहिला. फिल्म त्याला पाठ होती, आणि बापू हसले नाहीत तर तो चेहरा त्याला बघायचा नव्हता.

अकरा मिनिटांची फिल्म. गल्लीत शे-दोनशे कारीगर, आणि आवाज नाही. नुसते खांदे हलतायत. शेवटी बापू परातीत पडतात आणि फिल्म संपते.

कुणी टाळी वाजवली नाही. सगळे बापूंकडे बघत होते.

बापूंनी हात वर केला आणि मूठ गोल फिरवली. मागच्या रांगेतून एक मूठ फिरली, मग दहा, मग सगळी गल्ली. बापूंच्या नातवाने सगळीकडे पाहिलं आणि आपलीही इवलीशी मूठ फिरवली.

फिल्म तीनदा लावली.

लोक पांगल्यावर दगा पडद्यामागून आला आणि बापूंच्या पायाशी बसला. त्याने हाताने विचारलं, कशी झाली?

बापूंनी घसा खाकरला. दोन वर्षं न वापरलेला आवाज, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"मन्हं पडनं बराबर नई व्हयनं रे, दगा. उद्या परत शॉट ले."